अवचित आनंदाची पूर्वतयारी

एप्रिल निम्मा सरला की घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा सुट्टीत काय? प्रश्न मुलांना विचारला जातो, पण उत्तर बहुधा आईवडिलांनी आधीच ठरवलेलं असतं. सकाळी पोहणं, मग अबॅकस, दुपारी हस्ताक्षराचा वर्ग, संध्याकाळी क्रिकेट नाहीतर स्केटिंग. दहावीत जाणाऱ्यांचे क्लास नववीचा निकाल हाती पडायच्या आतच सुरू झालेले असतात. अकरावी-बारावीत ‘नीट’ किंवा ‘जेईई’ची वाट धरलेल्यांना तर उन्हाळा असा वेगळा उरतच नाही. एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, मेच्या सुरुवातीला नीट, आगेमागे राज्याची सीईटी; आणि ज्यांची परीक्षा यंदा नाही, त्यांची पुढच्या वर्षीची तयारी.

ही आखणी करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. नोकऱ्या थोड्या, उमेदवार फार, घरात दोघंही कामावर जाणारी. मूल दिवसभर फोन घेऊन बसण्यापेक्षा चार गोष्टी शिकलेलं बरं, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. त्या हिशेबात एक गोष्ट मात्र धरलेलीच नसते, आणि तिच्याविषयी मला बोलायचं आहे. विद्यार्थ्याच्या उन्हाळ्यात छोटे, साधे, न ठरवता वाट्याला येणारे आनंद असतात. ते शिकण्याच्या मुळाशी असतात. अभ्यासातून उरलेल्या वेळेत करायची ती चैन नव्हे.

हे आनंद अवचित येतात, पण ते येतील अशी परिस्थिती आपोआप तयार होत नाही. कुणीतरी झाड लावलेलं असतं, कुणीतरी वाचनालय उघडं ठेवलेलं असतं, गावाकडे जाणारी एसटी चालू असते, आणि घरातल्या कुणाला तरी मुलाशी बोलायला सवड असते. शेतकऱ्याला पाऊस पाडता येत नाही, पण मृगाच्या आधी शेत तयार ठेवता येतं. आपण मात्र गेल्या काही वर्षांत उलटं करू लागलो आहोत. मुलांचा आनंद तासातासाला आखून देतो आहोत आणि तो आपणहून यावा यासाठी जे राखायला हवं, ते हातचं घालवत चाललो आहोत.

हे नेमकं कसं घडतं, ते एका उदाहरणात जवळून पाहू. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हा शून्य सावलीचा दिवस साधारण 6-7 मेला, पुण्यात 13-14 मेला, मुंबईत 15-16 मेला, तर नागपुरात 26 मेच्या आसपास येतो. पुण्या-मुंबईकडे वेळ साडेबाराच्या जरा पुढेमागे. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे वीसेक मिनिटं आधी. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, तिकीटही नाही. स्वयंपाकघरातला सरळ कडांचा स्टीलचा डबा गच्चीवरच्या सपाट फरशीवर ठेवायचा आणि बघत राहायचं. बाराच्या सुमारास डब्याच्या पश्चिमेला सावलीची बोटभर पट्टी दिसते. ती हळूहळू आत सरकते, बारीक होते आणि एका क्षणी दिसेनाशी होते. डबा समोर लख्ख उन्हात उभा असतो, पण त्याला सावली नसते. शेजारी पाइपचा एखादा पोकळ तुकडा उभा धरला, तर त्याच्या आत, तळाशी, उजेडाचं पूर्ण वर्तुळ पडलेलं दिसतं. थोड्या वेळाने पूर्वेकडून सावली पुन्हा डोकावते आणि खेळ संपतो.

रोज दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असं मुलांना वाटत असतं. पुष्कळ मोठ्यांनाही वाटतं. तसं आपल्याकडे वर्षातून दोनदाच होतं, आणि दुसऱ्या खेपेला, जुलै-ऑगस्टमध्ये, आकाश बहुधा ढगांनी भरलेलं असतं, हे त्या डब्यापाशी कळतं. मग प्रश्न सुरू होतात. उद्या का नाही? मामाच्या गावाला कधी? दिल्लीला कधी? दिल्लीला कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. भूगोलाच्या पुस्तकातली, दोन गुणांसाठी पाठ केलेली ती रेषा मुलाला इथे पहिल्यांदा खरी वाटते.

या प्रसंगातला आनंद आणि त्यातलं शिक्षण वेगळं काढता येत नाही. आपण एक धरून चाललो होतो आणि समोर वेगळंच घडलं, या धक्क्यातून लक्ष जागं होतं. लक्ष जागं झालं की प्रश्न येतो, आणि स्वतःला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस सहसा विसरत नाही. शिबिरातही हाच प्रयोग दाखवता येतो, आणि जरूर दाखवावा. पण साडेबाराला सावली आणि पाऊणला ओरिगामी असं वेळापत्रक असेल, तर ‘दिल्लीला कधी?’ हा प्रश्न मनात उगवण्याआधीच मुलाच्या हातात घडी घालायचा कागद आलेला असतो. प्रश्नापाशी रेंगाळायला मोकळा वेळ लागतो. वेळापत्रकात नेमकी तेवढीच गोष्ट बसवता येत नाही.

दुसरं उदाहरण घराच्या आतलं. उन्हाळ्यात ज्या घरी अजून वाळवणं होतात, तिथल्या मुलांना कुरडयांचा दिवस सांगावा लागत नाही. तीन दिवस भिजलेला गहू वाटून, गाळून, त्याचं सत्त्व खाली बसू देतात. मग मोठ्या पातेल्यात चीक शिजतो. एक जण ओततो, एक जण घोटत राहतो, कारण हात थांबला की गुठळ्या झाल्याच. शिजलेला चीक सोऱ्यात भरण्याआधी वाटीत घेऊन, वर तेल किंवा तूप सोडून खायचा, हा त्या दिवसाचा ठरलेला मान. उडदाच्या पापडांच्या दिवशी तो मान लाट्यांचा. मग मुलांना गच्चीवर राखणीला बसवतात, कावळे-चिमण्यांपासून वाळवण सांभाळायला.

त्या राखणीत बाहेरून पाहिलं तर काहीच घडत नसतं. बसलेल्या मुलाला मात्र दिसत असतं की कुरडईच्या कडा आधी वाळतात आणि मधला भाग दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो. वारा सुटलेल्या दिवशी ऊन थोडं मंद असूनही वाळवण लवकर होतं. ढग आले की आजी आधी वर बघते आणि मग कागद गोळा करायला हाक मारते. बाष्पीभवनाचा धडा पुढे कधीतरी वर्गात येतो, तेव्हा या मुलाला तो नवा वाटत नाही. त्याच्या ओळखीच्या गोष्टीला तिथे फक्त नाव मिळतं. आणि वाळून काडीसारखी कडक झालेली ती कुरडई तापलेल्या तेलात पडताच क्षणात फुलून झारा भरून टाकते, ती गंमत कितव्यांदाही पाहिली तरी शिळी होत नाही.

याच गच्चीवर एक जुना अन्यायही बसलेला असतो, तो डोळ्याआड करून चालणार नाही. राखणीला बहुतेक घरांत मुलगी बसते आणि भाऊ मैदानावर असतो. चीक घोटताना आईची आणि काकूची कंबर मोडते. एकाचा आनंद दुसऱ्याच्या न मोजलेल्या कष्टांवर उभा असेल, तर तो आनंद अर्धाच म्हणायचा. म्हणून वाळवणं बंद करा असं मी म्हणणार नाही. मुलाच्या हातीही सोऱ्या द्या, आणि मुलीलाही मैदानावर जायची तेवढीच मुभा द्या, एवढंच म्हणेन.

बाकीचे आनंद भरभर आठवले तरी यादी लांबत जाते. घाटावरच्या जाळीतली करवंदं तोडताना ‘कोंबडा की कोंबडी’ हा डाव होतोच: फोडलेलं करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. पैज लावायची आणि हरलेल्याने आपल्या वाट्यातली करवंदं द्यायची. रोजच्या रस्त्यावरचं, वर्षभर कुणी ढुंकून न पाहिलेलं झाड मेमध्ये अचानक पिवळ्याजर्द घोसांनी लगडतं आणि तो बहावा होता हे तेव्हा कळतं. साताऱ्यात 1 मे हा महाराष्ट्र दिनासोबतच गुलमोहराचा दिवस म्हणूनही साजरा होतो. चित्रकार, कवी, शाळकरी मुलं झाडाखाली जमतात. मुळात मादागास्करचं असलेलं हे झाड एका मराठी शहराने इतकं आपलं केलं आहे. मेच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या, राजमाचीच्या परिसरात काजवे चमकू लागतात. घरात बदाम सातचा नाहीतर मेंढीकोटाचा डाव रंगतो, आणि एरवी गंभीर असणारे आजोबा पत्ते लपवताना सापडतात. आणि एखाद्या तापलेल्या संध्याकाळी वळीव येतो. त्याच्या पहिल्या सरीला मातीचा जो वास सुटतो, त्याचा शास्त्रीय अभ्यास दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले मात्र भाजलेल्या मातीतून तोच गंध कितीतरी आधीपासून कुपीत उतरवत आले आहेत. ज्याला आपण नुसता आनंद म्हणतो, त्यात एकाला संशोधनाचा विषय दिसला आणि दुसऱ्याला धंदा. तिसऱ्याला नुसतं भिजायचं असेल, तर तेही तितकंच खरं आहे.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. एक, यांना पैसे जवळपास लागत नाहीत. दोन, हे एकट्याचे आनंद नाहीत. करवंदाच्या पैजेला दुसरा भिडू लागतो आणि कुरडईला सगळं घर. तीन, इथे कुणी गुण देत नाही. वर्षभर मूल जे जे करतं, त्याला कुठे ना कुठे आकडा चिकटतो: चाचणीचे गुण, सराव परीक्षेतली रँक, स्पर्धेतलं बक्षीस. कुणी मोजत नाही अशा कामात माणसाला स्वतःची आवड कळते. जे काम कुणी सांगितलेलं नाही, ज्याचं कुणी कौतुकही करणार नाही, आणि तरी जे सोडवत नाही, ते आपलं. सतराव्या वर्षी शाखा निवडताना गोंधळून गेलेली मुलं मी पुष्कळ पाहतो. त्यांच्यात हुशारीची वाण नसते. आपल्याला काय आवडतं हे कळायला लागणारा रिकामा वेळ त्यांना आधीच्या दहा-बारा वर्षांत कुणी दिलेलाच नसतो.

अवचित भेटलेली गोष्ट आयुष्याला वळण देते, याचे दोन दाखले सर्वश्रुत आहेत. दहा-बारा वर्षांच्या सालिम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, नेहमीच्या चिमणीला नसतो तसा. हा पक्षी कोणता, हे मामांना, म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजींना, सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला पक्षी ओळखून दिला, संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं वाचायला दिली. पुढे भारतीय पक्षिशास्त्राचा पाया त्या मुलाने घातला. दुसरा दाखला जयंत नारळीकरांचा. बनारसच्या घरात भिंतीवर फळा होता. शिकायला येऊन राहिलेले त्यांचे मोरूमामा त्यावर भाच्यासाठी गणिताचं एखादं कोडं आव्हान म्हणून लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत फळ्यावर तसंच राही.

या दोन्ही गोष्टी आपण बुद्धिमत्तेच्या कथा म्हणून सांगतो. मला त्यांत दुसरंच दिसतं. ‘मला माहीत नाही, पण ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जा’ असं म्हणणारे मामा तिथे होते, आणि मुलासाठी दार उघडं असलेली संस्थाही होती. फळ्यावरच्या कोड्याला तास संपल्याची घंटा नव्हती. मोठ्या माणसाने प्रश्न टाकला आणि उत्तर न सांगता तो बाजूला झाला. आश्चर्य मुलाच्या वाट्याला आलं, पण ते येण्याजोगी जागा मोठ्यांनी करून ठेवली होती.

यावर आक्षेप असा येईल की हे सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांचे दाखले आहेत. ज्यांच्या घरी असा मामा नाही त्यांनी काय करायचं? आक्षेप अगदी योग्य आहे, आणि माझा मुद्दा इथूनच घराबाहेर पडतो. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड कामगारांची मुलं हंगामभर कारखान्याच्या तळावर असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुटुंब गावी परततं. त्यांच्यासाठी उन्हाळा म्हणजे कुठे फिरायला जाणं नसून घरी येणं असतं. मराठवाड्यातल्या कितीतरी मुली मे महिन्यात टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या असतात. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून तर विदर्भातल्या शाळा इतरांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. अशा उन्हात ‘मुलांनो, बाहेर खेळा’ हा उपदेश क्रूर ठरतो. त्यांना आधी सावली हवी, पाणी हवं, आणि बसायला थंड जागा हवी. छोटे आनंद फुकट असतात हे खरं, पण ते ज्या जमिनीवर उगवतात ती जमीन फुकट मिळत नाही. ज्यांना ती घरात मिळत नाही, त्यांना ती गावाने द्यायला हवी.

आणि ती द्यायला आपल्याकडे काहीच नाही असं नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. पाचगणीजवळच्या भिलारने 2017 च्या मे महिन्यात घरंच वाचनालयासाठी उघडली आणि ते पुस्तकांचं गाव झालं. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 मध्ये सुरू झाली, तीही मुद्दाम उन्हाळ्यातच. एसटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, महिलांना 2023 पासून निम्मं भाडं आहे, आणि चार किंवा सात दिवस कुठेही फिरता येईल असा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे. आई-मुलीने पास काढावा आणि नकाशावर बोट ठेवून निघावं, इतकी ही सोय सरळ आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ही व्यवस्था बांधून ठेवली ती काही उगाच नाही.

पण उन्हाळ्याच्या दुपारी या व्यवस्थेचं दार बहुतेक ठिकाणी बंद असतं. अनेक वाचनालयं बारा ते चार बंद असतात, म्हणजे बाहेर उन्हाचा कहर असतो आणि मुलांना थंड जागा हवी असते नेमकी तेव्हा. शहरांतली उद्यानं दुपारी कुलूपबंद असतात. शाळेला मैदान असलंच पाहिजे असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण सुट्टी लागली की त्याच मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं. वर्षभर ज्या झाडाखाली मुलं डबा खातात, ते झाड दोन महिने त्यांना परकं होतं. याला मोठी योजना लागत नाही. एक पहारेकरी, पिण्याचं पाणी, आणि वेळ बदलण्याची तयारी एवढं पुरतं.

खेळणं, विसावणं आणि मोकळा वेळ मिळणं हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं 31 वं कलम सांगतं. संहिता 1989 ची. भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेचे किमान दिवस ठरवताना पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवी 220 धरले आहेत. वर्षातले उरलेले दिवस कायद्याच्या नजरेतून सुटून गेलेले नाहीत. शिकणाऱ्या जिवाला ते लागतात, हे त्यात गृहीतच आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, मग ती रिकामी कशी सोडायची? हा आक्षेप हवेतला नाही. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 1996 मध्ये घेतला. उन्हाळी सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. गणिताची आकडेमोड सगळ्यांचीच मागे पडत होती. वाचनाचं चित्र मात्र वेगळं होतं: गरीब घरांतली मुलं मागे जात होती आणि मध्यमवर्गीय घरांतली नाही. शाळा दोघांचीही बंद होती. फरक होता तो शाळेबाहेर काय हाताशी आहे याचा. घरातली पुस्तकं, गप्पा, कुठे कुठे जाणं-येणं. या निष्कर्षावरून आणखी क्लास लावायला निघणं हे माझ्या मते चुकीचं वाचन आहे. मुलांना पुस्तक मिळेल आणि बोलायला माणूस मिळेल अशी सोय करा, हा त्याचा सरळ अर्थ. आकडेमोडीसाठी रोज अर्धा तास पाटी घेऊन बसवलं तर माझी हरकत नाही. नवा व्यापारच्या डावात पैसे मोजायचं काम मुलाकडे दिलं तर तेही चालेल.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांचं काय? त्यांना दोन महिने मोकळे देणं आजच्या घडीला कुठल्याच घराला जमणार नाही, हे मी मान्य करतो. पण रोजची एक संध्याकाळ देता येते, रविवारची एक दुपार देता येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वर्षानुवर्षं एकाही अवचित गोष्टीशिवाय ठेवलं, तर तो परीक्षेत उत्तीर्ण होईलही. पण पुढे डॉक्टर झाल्यावर समोरच्या रुग्णात पुस्तकात नसलेलं काही दिसलं, तर थांबून विचार करायची सवय त्याला कुठून येणार?

राहिला फोन. काम करणाऱ्या आईवडिलांना शिबिराचा आधार वाटतो, तो मुख्यतः फोनच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. फोनही मुलाला क्षणाक्षणाला नवं काहीतरी दाखवत असतो, मग त्यात आश्चर्य नाही का? माझं उत्तर असं की ते नवं मुलाच्या आधीच्या पसंतीवरूनच निवडलेलं असतं. कालच्या आवडीचीच आजची आवृत्ती समोर येत राहते. करवंदाच्या जाळीला तुमची पसंती माहीत नसते. काटा लागतो, कच्चं तोंडात येतं, कोंबड्याऐवजी कोंबडी निघते. वळीव तर तुम्ही नवे कपडे घातले असतानाच गाठतो. आपल्या मर्जीची पर्वा नसलेल्या जगाशी जुळवून घेताना जो आनंद होतो, तो पडद्यावर मिळत नाही. म्हणून फोन हिसकावून घेऊन मूल सुधारत नाही. त्याच्या जागी दुसरं काही आणि दुसरं कुणी असावं लागतं. रिकामी दुपार आणि रिकामं घर यांत मूल फोनकडेच वळणार. रिकामी दुपार, दोन मित्र आणि उघडं वाचनालय असेल, तर त्याला दुसरी वाट दिसते. शिबिर लावावंच लागत असेल, तर शिबिर घेणाऱ्यांनी रोजचा एक तास काहीही न ठरवता मोकळा ठेवावा. मुलांनी पहिले चार दिवस कुरकुर केली तर करू द्यावी. कंटाळ्यातून स्वतःचा खेळ काढणं, हेही शिकावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. पालकांनी यंदाच्या सुट्टीतली आठवड्यातली एक तरी दुपार कुणाच्याही नावे लावू नये, आणि त्या दुपारी मुलाने काही विचारलं तर उत्तराऐवजी ‘चल, बघू’ म्हणावं. मुख्याध्यापकांनी मैदानाचं फाटक उघडं ठेवावं. ग्रंथपालांनी बालविभागाच्या वेळा मे महिन्यापुरत्या बदलून बारा ते चार कराव्यात, आणि पुस्तक फाटेल ही भीती बाजूला ठेवावी. फाटलेलं पुस्तक शिवता येतं. नगरपालिकांनी उद्यानांची कुलपं दुपारी काढावीत आणि पावसाळ्यात झाडं लावताना ती उन्हाळ्यात कुणाला सावली देतील याचा विचार करावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही एक करा: आपल्या गावाचा शून्य सावलीचा दिवस शोधून काढा, आणि त्या दुपारी गच्चीवर शेजारच्या दोन मुलांना हाक मारून बोलवा.